भेगाळ खडकातून वाहणारे पाणी संगणकावर कसे मांडावे: नवशिक्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात विहीर खणणारे सहसा ‘खडकातून पाणी आले’ असे म्हणत नाहीत, ‘चिरेला पाणी लागले’ असे म्हणतात. आपला काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि त्यात पाणी चालते ते थरांच्या सांध्यांतून, उभ्या-आडव्या भेगांतून आणि झिजलेल्या मुरमातून. फ्रान्समधील दिजाँ शहरात हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या नळकांड्यावर बसवलेला नियम (प्रवाह पाण्याच्या उताराच्या प्रमाणात असतो) इथे जसाच्या तसा लावला, तर उत्तर मिळते आणि ते दिसतेही नीटनेटके; परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे आधी ठरवलेले नसेल, तर ते हजारपटीने चुकलेले असू शकते. हजारपट हा शब्द अलंकारिक नाही. पुढे आकडेमोड केलीच आहे.

हा लेख भूशास्त्र, स्थापत्य किंवा कृषी अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि भूजलाचे मॉडेल प्रथमच उभे करणाऱ्या वाचकांसाठी आहे. लॅपटॉप, स्प्रेडशीट आणि थोडे पायथन एवढ्यावर काम भागते. संपूर्ण लेखभर एकच काल्पनिक उदाहरण घेतले आहे: दिंडोरी तालुक्यातील एका उतारावर द्राक्षबाग आहे, बागेच्या खालच्या अंगाला ७० मीटरवर वस्तीची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, आणि बागेत टाकलेल्या खतातील नायट्रेट त्या विहिरीत कधी पोहोचेल हे आपल्याला सांगायचे आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणून हा प्रश्न केवळ अभ्यासापुरता नाही.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवून विहिरीत डोकावणे

मे महिन्यात, उपसा थांबलेला असताना, एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर सकाळी उभे राहावे, कारण त्या वेळी एका बाजूची भिंत उजेडात असते. वर हात-दोन हात काळी माती, तिच्याखाली कुदळीने निघणारा मुरूम, मग लहान-लहान पोकळ्यांचा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या, कोठे तरी वीतभर जाडीचा तांबडा गेरू आणि त्याच्याखाली घणालाही दाद न देणारा काळा पाषाण, असा क्रम अनेक ठिकाणी दिसतो. पाणी कोठून येते हे भिंतच सांगते. जिथे ऐन उन्हाळ्यातही शेवाळाची हिरवी रेघ टिकून आहे, जिथून खाली ओलीचा काळा ओघळ उतरला आहे, ती रेघ जमिनीपासून किती मीटरवर आहे हे टेपने मोजून वहीत लिहावे. असे पाच-सहा विहिरींत केले आणि त्या रेघा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बदलून एका कागदावर मांडल्या, की बहुधा दोन-तीन उंचींवर त्या जुळून येतात. ते लाव्हाच्या दोन थरांमधले सांधे असतात, आणि आपल्या मॉडेलचे मुख्य मार्गही बहुतेक तेच ठरतात.

मांजऱ्या दिसला म्हणजे पाणी असणारच, असा समज करून घेऊ नये. त्यातील पोकळ्या पुष्कळदा गारगोटीने, म्हणजे झिओलाइटसारख्या खनिजांनी, भरून गेलेल्या असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवलेली ती देखणी स्फटिके जलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने बुजलेल्या वाटा आहेत. उलट अखंड पाषाण पाणी किती अडवतो हे पाहायचे असेल, तर पांडवलेण्यांत जावे. तिथल्या शिलालेखांत लेण्यांबरोबर पोढ्या, म्हणजे खडकात कोरलेली पाण्याची टाकी, दान दिल्याचा उल्लेख आहे. भेग नसलेला खडक हेरता आल्याशिवाय असली टाकी उपयोगाची होत नाहीत, त्यामुळे ती कोरणाऱ्यांना खडकाची पारख आजच्या अनेक सल्लागारांपेक्षा बरी असावी, असे मला वाटते.

दुसरी पायरी: भेगांची नोंद

खाणीच्या किंवा रस्त्याच्या कापलेल्या भिंतीवर २०–३० मीटरची टेप ताणावी आणि टेपला छेदणाऱ्या प्रत्येक भेगेसाठी तिचे अंतर, दिशा, कल, दिसणारी लांबी आणि आत माती, गारगोटी की मोकळी फट, एवढे लिहावे. टेपला समांतर असणाऱ्या भेगा टेपला छेदतच नाहीत, म्हणून त्या नोंदीतून निसटतात. आपल्याकडे आडवे सांधेच पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असल्यामुळे आडव्या टेपइतकीच उभी टेपही धरलीच पाहिजे. हे टाळून नुसत्या आडव्या टेपवरून केलेल्या नोंदींत खडक उभ्या भेगांनीच भरलेला दिसतो आणि मॉडेलमधले पाणी खाली धावत सुटते.

फटीची रुंदी मात्र टेपने किंवा फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून मॉडेलमध्ये घालू नये. उघड्या भिंतीवरचा दाब सुटलेला असतो, सुरुंगाने खडक हललेला असतो आणि पृष्ठभागावर दिसणारी फट आत तशीच राहत नाही. या फटीबद्दलची चूक किती महाग पडते ते पुढच्या पायरीत दिसेल.

तिसरी पायरी: एक भेग, कागदावर

ही पायरी न करता सॉफ्टवेअर उघडू नये, एवढा एकच आग्रह मी या लेखात धरणार आहे.

दोन गुळगुळीत समांतर पाट्यांमधून संथपणे वाहणाऱ्या पाण्याचा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. पाण्याची घनता गुणिले गुरुत्वत्वरण, भागिले बारा वेळा श्यानता (पाण्याचा चिकटपणा), हा गुणक साध्या पाण्यासाठी मीटर-सेकंद एककांत सुमारे ८ लाख १७ हजार येतो. त्याला फटीच्या घनाने गुणले की त्या भेगेची जलवहन क्षमता, म्हणजे ती किती पाणी वाहून नेऊ शकते ते, मिळते, आणि फटीच्या वर्गाने व पाण्याच्या उताराने गुणले की भेगेतील वेग मिळतो. आपल्या उतारावर दर मीटर खोलीला ०.१ मिलिमीटरची एक आडवी भेग आहे आणि पाण्याचा उतार १०० मीटरला १ मीटर आहे असे धरू. वेग येतो दिवसाला सुमारे ७ मीटर. प्रवाह मात्र अगदी किरकोळ: एका मीटर रुंदीच्या भेगेतून दिवसाला अवघे ७०० मिलिलिटर, बाटलीभरही नाही. वेग मोठा आणि पाणी थोडे, हे भेगाळ खडकाचे लक्षण पहिल्याच आकडेमोडीत हाती लागते.

आता बागेपासून विहिरीपर्यंतच्या ७० मीटरचे उत्तर तीन प्रकारे काढू.

पहिल्या प्रकारात पाणी आणि नायट्रेट केवळ भेगेतून जातात असे मानले, तर ७० मीटरला १० दिवस लागतात.

दुसऱ्या प्रकारात भेगा विसरून सगळा खडक वाळूसारखा एकजिनसी मानला, त्याची सच्छिद्रता, म्हणजे खडकातील छिद्रांचा वाटा, १० टक्के धरली आणि तेवढाच प्रवाह त्या सगळ्या छिद्रांत वाटून टाकला, तर वेग वर्षाला अडीच मीटरच्या आसपास येतो आणि विहीर गाठायला २७ वर्षे लागतात. भेगेतील पाणी मीटरभर खडकात ०.१ मिलिमीटर, छिद्रांतील पाणी १०० मिलिमीटर. हजारपटीचा फरक तो हाच.

तिसऱ्या प्रकारात पाणी भेगेतूनच चालते, परंतु नायट्रेट जाता-जाता भेगेच्या दोन्ही अंगांच्या खडकातील स्थिर पाण्यात विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, शिरत राहते. झिजलेल्या मांजऱ्यातील छिद्रांत विसरणाचा गुणांक सेकंदाला १ भागिले १० अब्ज चौरस मीटर धरला, तर एका वर्षात नायट्रेट खडकाच्या अंगात सुमारे साडेपाच सेंटिमीटर आत जाते. हे अंतर क्षुल्लक वाटते, परंतु दोन्ही बाजूंच्या एवढ्या खडकातील पाणी भेगेतील पाण्याच्या शंभरपटीहून अधिक भरते. या स्थितीचे सूत्ररूप उत्तर टँग, फ्रिंड आणि सुडिकी यांनी १९८१ मध्ये दिले. अपस्करण (वाहता-वाहता होणारी पसरण) सोडून दिले की ते स्प्रेडशीटच्या एका रकान्यात मावते. त्यानुसार बागेखालच्या सांद्रतेचा (पाण्यातील नायट्रेटच्या प्रमाणाचा) शंभरावा हिस्सा विहिरीशी साडेआठ महिन्यांत दिसू लागतो आणि निम्मी सांद्रता गाठायला सुमारे १० वर्षे लागतात.

दहा दिवस, दहा वर्षे, सत्तावीस वर्षे. खडक तोच, पाणी तेच, उतारही तोच. आता तिसऱ्या प्रकारात ०.१ ऐवजी ०.२ मिलिमीटरची फट घालून पाहावे: दहा वर्षांचे उत्तर दोन महिन्यांवर येते. कागदाच्या जाडीएवढ्या फरकाने असे होत असेल, तर फटीचा आकडा कोठून आणला हे मॉडेलमधील प्रत्येक चर्चेत प्रथम विचारले गेले पाहिजे.

घनाचा हा नियम प्रवाह संथ असेपर्यंतच चालतो. १ मिलिमीटरची फट असेल, तर याच उतारावर रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळखळता हे सांगणारा आकडा) ८ च्या जवळ जातो आणि उपसा चालू असलेल्या विहिरीच्या तोंडाशी उतार तीव्र झाल्यावर तो आणखी वाढतो. तिथे नियम प्रत्यक्षापेक्षा जास्त प्रवाह दाखवू लागतो.

चौथी पायरी: खडकाकडे कोणत्या नजरेने पाहायचे ते ठरवणे

वर जे तीन प्रकार झाले, तेच या विषयातील तीन घराण्यांचे बीज आहे. समतुल्य सच्छिद्र माध्यम मानणारे सगळा खडक एकच गाळणी समजतात. दुहेरी सच्छिद्रतेचे मॉडेल प्रत्येक ठिकाणी भेगांचे एक आणि खडकाच्या अंगाचे एक अशी दोन पाणी-घरे ठेवून त्यांच्यात देवघेव घडवते. ही कल्पना १९६० मध्ये बारेनब्लाट आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि १९६३ मध्ये वॉरन व रूट यांनी तेलक्षेत्रांसाठी वापरात आणली. तिसरे घराणे प्रत्येक भेग स्वतंत्र पाटी म्हणून उभी करते आणि त्या पाट्यांचे जाळे सोडवते.

तालुकाभराच्या पाणलोटात पावसाळ्यानंतर पातळी किती चढेल, एवढाच प्रश्न असेल तर पहिले घराणे पुरते, आणि त्यासाठी भेगांचे जाळे उभारणे हा वेळेचा अपव्यय आहे. प्रश्न नायट्रेटचा किंवा सांडलेल्या रसायनाचा असेल, तर किमान दुहेरी सच्छिद्रता हवी. भेगांचे जाळे तेव्हाच घ्यावे, जेव्हा क्षेत्र लहान आहे, दुसऱ्या पायरीतील नोंदी भरपूर आहेत आणि ‘नेमक्या या बोअरला का, त्या बोअरला का नाही’ असा प्रश्न आहे. जाळे दिसते सुंदर आणि सादरीकरणात टाळ्या घेते, एवढ्यासाठी ते निवडलेले मी पाहिले आहे. त्यातील निम्म्या भेगा एकमेकींना जोडलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्यांतून पाणी वाहण्याचा प्रश्नच नव्हता.

पाचवी पायरी: सॉफ्टवेअर

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे मॉडफ्लो हे भूजल-प्रवाहाचे सॉफ्टवेअर १९८४ पासून वापरात आहे, विनामूल्य आहे, आणि २०१७ मध्ये आलेल्या मॉडफ्लो ६ मध्ये प्रवाहाबरोबर विद्राव्य पदार्थांचे वहन आणि स्थिर पाण्याशी होणारी देवघेवही सोडवता येते. फ्लोपाय या पायथन संचातून ते चालवावे. भेगांच्या जाळ्यासाठी लॉस अलामोस प्रयोगशाळेचे डीएफएनवर्क्स किंवा बर्गन विद्यापीठाचे पोअरपाय आहे, परंतु ते नंतर. सुरुवात मॉडफ्लोने करावी.

सहावी पायरी: तीच भेग संगणकावर

पहिले मॉडेल दिंडोरीच्या उताराचे नको, कागदावरच्या त्या एका भेगेचेच हवे, कारण तिचे उत्तर आपल्याला माहीत आहे. भेगेच्या वरचा आणि खालचा अर्धा भाग सारखाच असल्याने निम्माच पट्टा घ्यावा: ०.०५ मिलिमीटर जाडीची एक ओळ भेगेची आणि तिच्यालगत अर्धा मीटर खडक. लांबी ७० नव्हे, १०० मीटर ठेवावी, म्हणजे टोकाच्या सीमेचा परिणाम विहिरीच्या जागेपर्यंत पोहोचत नाही. दोन टोकांच्या पातळ्यांत १ मीटरचा फरक ठेवला की आपला उतार मिळाला. भेगेच्या ओळीला दिवसाला ७०६ मीटर इतकी पार्यता (पाणी पुढे जाऊ देण्याची क्षमता) द्यावी आणि खडकाला तिच्या तुलनेत नगण्य.

जाळीचे चौकोन आखताना नवशिक्यांची हमखास चूक होते. विसरणाचे सुरुवातीचे नाट्य भेगेलगतच्या पहिल्या काही मिलिमीटरांत घडते, आणि तिथे १० सेंटिमीटरचा चौकोन ठेवला तर नायट्रेट एका क्षणात दहा सेंटिमीटरभर पसरल्याचे संगणक समजतो. म्हणून भेगेला चिकटून १ मिलिमीटरचा चौकोन घ्यावा आणि पुढचा प्रत्येक आधीच्याच्या १.४ पट करत जावे; अशा १६ चौकोनांत अर्धा मीटर संपतो. सगळीकडे १ मिलिमीटर ठेवले असते तर ५०० लागले असते. भेगेच्या दिशेने १ मीटरचे चौकोन चालतील. पाणी एका चौकोनातून पुढच्यात जायला सुमारे साडेतीन तास घेते, म्हणून सुरुवातीची कालपावले त्याहून लहान ठेवावीत आणि सांद्रतेचे बदल मंदावल्यावर ती हळूहळू वाढवावीत. मोठ्या पावलांनी मॉडफ्लो ६ कोसळत नाही, आणि हाच धोका आहे: धारदार असायला हवी ती आघाडी, म्हणजे नायट्रेटची पुढे सरकणारी कड, संगणक गुपचूप पसरट करून टाकतो, तरीही पडद्यावर चूक असल्याची सूचना येत नाही.

चालवल्यावर प्रथम प्रवाह पाहावा. निम्म्या पट्ट्यातून दिवसाला ३५० मिलिलिटर बाहेर पडले पाहिजे. नंतर विसरण शून्य करून आघाडी दहाव्या दिवशी ७० मीटरवर येते का ते पाहावे, आणि शेवटी विसरण चालू करून सूत्राच्या वक्रावर संगणकाचा वक्र ठेवावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात आघाडी जागची हलेना. दोन दिवस मी फट वाढवत बसलो, आणि मग लक्षात आले की पार्यता मीटर-प्रतिसेकंदात लिहिली होती आणि फाइलमधील काळाचे एकक दिवस होते. दिवसाचे ८६,४०० सेकंद तेव्हापासून माझ्या टेबलासमोर चिकटवलेले आहेत.

सातवी पायरी: खरी विहीर, खरे आकडे

आता उतारावर यावे. सीमा आखताना पाणलोटाची रेषा, ओढा आणि कालवा यांचा विचार करावा. दिंडोरीत वाघाड, करंजवण, पालखेड यांसारखी धरणे आहेत, आणि परिसरात कालवा असेल तर आवर्तन सुटल्यावर लगतच्या विहिरींची पातळी चढते का, हे शेतकऱ्यांना विचारल्याशिवाय कालव्याला सीमा मानू नये. पाऊसही सरसकट धरता येत नाही. इगतपुरीला ३ हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर सिन्नरकडे त्याचा लहानसा हिस्सा. साठवणुकीसाठी झिजलेल्या आणि सांधे असलेल्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, विशिष्ट उपज (उपसल्यावर खडकातून निघणाऱ्या पाण्याचा वाटा) १ ते ३ टक्के धरण्याची पद्धत आहे.

फटीचा आकडा उपसा-चाचणीतून, म्हणजे पंप चालवून पातळी कशी उतरते ते मोजून, काढायचा असतो. मोठ्या व्यासाच्या विहिरीवर मात्र १९३५ चे थाइस यांचे सूत्र, ज्यात विहिरीतला साठा धरलेला नाही, थेट लावू नये. ८ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाण्यात ५० हजार लिटर असतात. पंप तासाला २० हजार लिटर उपसत असेल, तर पहिले अडीच तास आपण खडकाची नव्हे, विहिरीच्या हौदाची चाचणी घेत असतो. हा साठा हिशोबात धरणारे पापाडोपुलोस आणि कूपर यांचे १९६७ चे सूत्र वापरावे, आणि पंप बंद केल्यानंतर पातळी कशी चढते याची नोंद रात्रभर घ्यावी. ती चढण पंपाच्या धक्क्यांपासून मुक्त असल्याने अधिक विश्वासार्ह असते. चाचणीतून जलवहन क्षमता मिळाली की ती पहिल्या पायरीतील ओलसर रेघांच्या संख्येत वाटावी आणि घनमूळ काढून प्रत्येक सांध्याची फट ठरवावी. पूर्ण पाणी एकाच सांध्यातून येते असे मानले तर फट किती, आणि चार सांध्यांतून मानले तर किती, हे दोन्ही लिहून ठेवावे. वहनाच्या उत्तरात या दोहोंत मोठी तफावत पडते.

पाण्याच्या पातळ्या जुळल्या म्हणून मॉडेल जुळले असे नाही. पातळीला भेगेतील वेग दिसत नाही. त्यासाठी वाहकता-मापक (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे मीठ किती आहे, ते दाखवणारे यंत्र) घेऊन मिठाच्या पाण्याची चाचणी करावी: वरच्या बोअरमध्ये मोजून मीठ सोडायचे आणि खालच्या विहिरीत दर तासाला वाहकता टिपायची. ज्या विहिरीचे पाणी कोणी पिते, तिच्यावर आणि मालकाच्या परवानगीशिवाय ही चाचणी कदापि करू नये. मिठाचा वक्र झपाट्याने चढून आठवडे-महिने लांब शेपूट ठेवत असेल, तर खडकाच्या अंगात शिरून परत येणारे मीठ आपण पाहत आहोत, आणि दुहेरी सच्छिद्रता निवडली ते योग्यच झाले.

आठवी पायरी: उत्तर कसे द्यायचे

फट, भेगांमधील अंतर, खडकाची सच्छिद्रता आणि विसरणाचा गुणांक हे चार आकडे त्यांच्या शक्य मर्यादांत बदलत मॉडेल किमान शंभर वेळा चालवावे. फ्लोपायमध्ये ते एका लूपचे काम आहे. यांपैकी ज्या जोड्या उपसा-चाचणी आणि मिठाचा वक्र दोन्हींशी जुळतात, तेवढ्याच ठेवाव्यात. ग्रामपंचायतीला ‘नायट्रेट ९ वर्षे ४ महिन्यांनी येईल’ असे लिहून देऊ नये. ‘पहिली खूण वर्षाच्या आत दिसेल, मर्यादा ओलांडायला ४ ते १५ वर्षे लागतील’ अशा रूपात लिहावे, आणि उद्या खत बंद केले तरी खडकाच्या अंगात साठलेले नायट्रेट पुढे कित्येक वर्षे विहिरीत झिरपत राहील, हे मॉडेलमध्ये बागेखालची सांद्रता शून्य करून वेगळे चालवून दाखवावे. बहुतेकांना हाच आलेख सर्वांत अनपेक्षित वाटतो, म्हणून अहवालात तो पहिल्या पानावर ठेवावा.

प्रत्येक चालवणीची फाइल, तिची तारीख आणि त्या वेळी बदललेला आकडा एका वहीत लिहीत जावे. पुढच्या मे महिन्यात त्याच विहिरींवर पुन्हा टेप सोडायची आहे, पाण्याचे नमुने घ्यायचे आहेत आणि नवे मोजमाप मॉडेलच्या पट्ट्यात बसते का ते पाहायचे आहे. पट्ट्याबाहेर गेले, तर फटीपासून पुन्हा सुरुवात करावी.